रिसॉर्टवाल्यांनो, भरती-ओहोटीचा एक फळा लावा

किनाऱ्यावरच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये शिरलं की रिसेप्शनवर वायफायचा पासवर्ड मिळतो, नाश्ता किती वाजेपर्यंत आहे ते कळतं, खोली कधी सोडायची तेही कळतं. भरती किती वाजता आणि ओहोटी कधी लागणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. ज्या समुद्रासाठी माणसं पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडी हाकत येतात, त्याचंच वेळापत्रक कुणी सांगत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

आम्ही मैत्रिणी शनिवार-रविवार धरून देवबागला गेलो होतो. तारकर्लीच्या पुढे, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. नेमकी पौर्णिमा होती. दुपारी पोचलो, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी भरपेट झाली आणि तीनच्या सुमाराला किनाऱ्यावर आलो. आमच्याच रिसॉर्टमधली काही मुलं कमरेच्या वर पाण्यात होती. वाळूत जाळं शिवत बसलेले एक आजोबा उठून त्यांना हाका मारत होते, हात हलवत होते. लाटांच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना, तेव्हा ते स्वतः पाण्यात उतरले आणि त्यांना बाहेर घेऊन आले.

आम्ही त्यांच्याशी बोलायला गेलो, तर म्हणाले, "आता नको गो बाय, सुकती लागली." सुकती म्हणजे ओहोटी.

मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि पुढची भरती 12 तास 25 मिनिटांनी. रोज पाऊण-एक तासाने सगळं पुढे सरकतं. मिनिटाचा हिशोब नाही हा, पण दिवस आखायला पुरेसा आहे.

आता हा हिशोब सहलीच्या वेळांवर मांडून बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. सव्वाअकराला भरती झाली की दुपारी दोन ते चार पाणी सगळ्यात जोराने मागे जात असतं. आणि बाहेरगावचे ग्रुप नेमके त्याच वेळी जेवून, बरेचदा दारू पिऊन, पाण्यात उतरतात. देवबागसारख्या नदीच्या मुखाशी तर खाडीचं पाणीही त्याच वेळी समुद्राकडे ओढ घेतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा चढ-उतार कमी असतो. पण म्हणून बेफिकीर राहावं असं नाही, कारण दुसरा धोका तिथीवर अवलंबून नसतो.

तो असा. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला एक पट्टा शांत दिसतोय, पाणी जरा गढूळ, फेस आत जाताना दिसतोय, तर तिथे किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात शिरत असतं. पोहता न येणारा माणूस लाटांना घाबरतो आणि बरोबर त्याच पट्ट्यात उतरतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग किनारा गाठा. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहा आणि हात वर करून हाक मारा. ही माहिती रिसॉर्टच्या खोलीत टीव्हीच्या रिमोटशेजारी ठेवायला किती खर्च येतो?

2016 च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. 2017 च्या एप्रिलमध्ये देवबागपासून जवळच, मालवणच्या वायरी किनाऱ्यावर, बेळगावहून आलेले आठ जण गेले. ती सगळी अशीच मित्रांबरोबर आनंदात आली होती. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, लाल आणि लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात. आपल्या किनाऱ्यांवर ही सोय सगळीकडे नाही. म्हणून मी रिसॉर्टवाल्यांकडे मागणं मांडतेय. समुद्र दाखवून तुम्ही खोलीचं भाडं घेता, मग त्याच्या वेळा सांगणं हा पाहुणचाराचाच भाग आहे.

आणि हे फक्त भीतीपोटी सांगत नाहीये. आमची पुढची सगळी सुट्टी आम्ही त्या पाऊणपटीवर लावली आणि ती इतकी छान झाली! सकाळी साडेसहाला पाणी अजून लांब होतं. ओली, घट्ट वाळू, चालताना पाय रुतत नाहीत, आणि खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या. पुढे रापण ओढणं चालू होतं. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि एकेका दोरावर माणसांची रांग टाचा वाळूत रोवून मागे रेलत ओढतेय. बायका टोपल्या घेऊन थांबलेल्या. त्यांनी आम्हालाही दोर धरू दिला. खारा, ओला, जाडजूड दोर, तळवे हुळहुळले अगदी. जाळं उथळ पाण्यात आलं तसं पाणी चमचमायला लागलं, पेडवे आणि बांगडे उसळत होते. आमच्या रिसॉर्टमधले बाकीचे सगळे तेव्हा झोपलेले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की सकाळी किनारा एवढा रुंद असतो.

दिवाळीनंतर सगळ्यांचे कोकणचे बेत सुरू होतील. बुकिंगच्या फोनवर एसी आहे का, स्विमिंग पूल आहे का, हे विचारता, तसंच शनिवारी ओहोटी किती वाजता लागते हेही विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्यासाठी फळा लागेल. उत्तर मिळालं नाही तर भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून घ्या. आणि ओळखीत कुणाचं किनाऱ्यावर रिसॉर्ट किंवा होमस्टे असेल, तर त्यांना खाली टॅग करा. पोस्ट शेअर करायला माझी परवानगी लागणार नाही.