मालिकेचं सुतक

कोल्हापुरात मटणाचे वार ठरलेले आहेत. बुधवार, शुक्रवार, रविवार. बुधवार-शुक्रवार चुकला तर कुणी मनावर घेत नाही, पण रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर न पडणाऱ्या माणसाला गल्लीत "बरं न्हाई काय?" म्हणून विचारतात. १ मार्च २०२०, रविवार. सकाळी साडेसातला मी पिशवी काखेत मारली, चप्पल पायात सरकवली आणि मागनं आईचा आवाज आला.

"कुठं निघालास?"

"मटण आणाय."

"घरात काय झालंय, ध्यानात हाय न्हवं?"

माझ्या पोटात गोळा आला. गडहिंग्लजचे मामा महिनाभर अंथरुणाला खिळून होते. रात्री फोन आला आणि मला कुणी उठवलं नाही की काय? मी पिशवी हळूच खाली ठेवली. "कधी गेले?"

"काल. तू हितंच हुतास की रं, कॉटवर."

मग डोक्यात उजेड पडला. मामांना काही झालं नव्हतं. आदल्या रात्री संभाजी महाराजांवरची मालिका संपली होती.

ही मालिका सुरू झाली सप्टेंबर २०१७ मध्ये. तेव्हापासून आमच्या घरात मालिकेच्या वेळेला कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही आणि पतसंस्थेतल्या माझ्या कटकटी सांगायच्या नाहीत, असा दंडक होता. आईचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं. त्यामुळं गडावर घडलेलं सगळं तिच्या लेखी घरातलंच. १६८० च्या एप्रिलात रायगडावर थोरल्या महाराजांनी देह ठेवला तेव्हा शंभूराजे पन्हाळ्यावर होते, हे ती आपल्या काकांच्या दारात घडल्यासारखं सांगते.

त्यात मी बी.ए. इतिहास, सेकंड क्लास. नोकरी कर्जवसुलीची असली तरी घरात आणि गल्लीत 'इतिहासाचा माणूस' ही माझी नेमणूक कायम आहे. या नेमणुकीचा फायदा एकही नाही. जाहिराती लागल्या की सगळी डोकी माझ्याकडं वळणार, "आता फुडं काय?" मी तोंड उघडलं की तीच डोकी ओरडणार, "सांगू नगा!" तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट पोटात ठेवून अडीच वर्षं काढली मी.

आईला शेवट ठाऊक नव्हता असं नाही. तुळापूर, वढू तिनं यात्रेच्या गाडीतनं जाऊन बघितलेलं आहे, समाधीवर डोकं टेकलेलं आहे. तरीपण मालिका पुढं सरकेल तशी ती रोज थोडी थोडी आशेला लागली. महाराजांचं काम करणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ ला शिरूरमधनं खासदार झाले, तेव्हा मला वाटलं हिला आनंद होईल. तिनं कपाळाला हात लावला. "दिल्लीला कशाला जायाचं? एकदा आग्र्याला जाऊन भागलं न्हाई व्हय?"

शेवटच्या आठवड्यात माझ्या हातनं घोडचूक झाली. पडद्यावर संगमेश्वर जवळ आलं होतं, शेजारच्या आत्ती चहाला बसल्या होत्या आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, महाराजांना धरायला मुकर्रबखान निघाला तो कुठनं, माहीत आहे काय? कोल्हापुरातनं!

घरात एकदम शांतता.

"आपल्या कोल्हापुरातनं?"

मग मागं फिरता येईना. सांगावं लागलं. मूळचा शेख निजाम, गोवळकोंड्याच्या कुतुबशहाचा सरदार, पुढं औरंगजेबाला मिळाला. पन्हाळ्याच्या कामगिरीवर म्हणून इकडं आलेला. खबर लागल्यावर आंबा घाटानं खाली उतरला, १६८९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला संगमेश्वर गाठलं आणि महाराजांना आणि कवी कलशांना धरलं.

"आंबा घाटानं म्हंजे," आत्ती म्हणाल्या, "मलकापूरवरनंच गेला असंल की मुडदा."

"तिकडनंच रस्ता आहे."

"आन् कुणी अडिवला न्हाई?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. एसटी स्टँडवर ड्युटीला मीच होतो, अशा सुरात. त्यानंतर तीन दिवस आमच्या घरात या गोष्टीची चौकशी चालू होती. मलकापुरात दिलेल्या आत्तींच्या धाकट्या बहिणीलासुद्धा फोन गेला. तिनं सासरची बाजू घेतली. मी सावरायला म्हणून म्हाळोजी घोरपड्यांचं सांगितलं, संगमेश्वरात महाराजांच्या पुढं उभे राहून ते पडले, आणि त्यांचे चिरंजीव संताजी म्हणजे आपल्या सेनापती कापशीचे, कागल तालुक्यातले. "म्हणजे जिल्ह्याचा हिशेब बरोबर होतो," असं मी बोलून गेलो. कर्जवसुलीत आयुष्य गेलं की असं होतं. आईनं हात जोडले म्हाळोजींना, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू गप बस."

शनिवारी रात्री आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकोणीस माणसं होती. टीव्ही गल्लीत सगळ्यात मोठा आमचा, कारण पतसंस्थेत मला हप्ता कमी बसतो. आईनं टीव्हीशेजारी निरांजन लावलं होतं. बायकोनं चहा टाकला नाही, आज बरं दिसत नाही म्हणाली. पडद्यावर काय दाखवलं ते मी सांगू शकत नाही. माझ्या पुढं आठ डोकी होती आणि मांडीवर कुणाचंतरी बाळ होतं. ते कुणाचं, हे शेवटी कळलं. पण काय ऐकू आलं, ते सांगतो.

खालच्या मजल्यावर डिश आहे, आमच्याकडं केबल. त्यांचं चित्र आमच्या चार-पाच सेकंद पुढं असतं. क्रिकेटला मी याची सवय करून घेतली आहे, खालनं शिवी आली की समजायचं विकेट पडली. पण त्या रात्री ते सोसवेना. आमच्या पडद्यावर अजून काही झालेलं नसायचं आणि खालनं बायकांचा हुंदका यायचा. खोलीतली एकोणीस माणसं श्वास धरून बसायची. मग चार सेकंदांनी आमचा हुंदका. पाठोपाठ खालनं दुसरा. आत्ती वैतागून खिडकीतनं ओरडल्या, "ए, दमानं रडा की! आमाला बघू द्या!"

तेवढ्यात माझ्या पोरानं शोध लावला. त्याला टीव्ही दिसत नव्हता म्हणून तो कोपऱ्यात मोबाईलवर बघत होता, आणि मोबाईल टीव्हीच्याही मागं चालतो, निदान अर्धा मिनिट. "आज्जी, हितं अजून हाईत!" तो ओरडला.

माझी आई, गुडघ्याच्या दुखण्यापायी जिला देवळाच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत, ती एकोणीस माणसांच्या मधनं वाट काढत त्या कोपऱ्यात पोचली आणि नातवाला चिकटून मोबाईलसमोर बसली. टीव्हीकडं पाठ केली. मागं सगळं घर रडत होतं आणि ही वीतभर पडद्याला डोळे लावून बसली होती, अर्ध्या मिनिटासाठी. मी बघत होतो. हसायला आलं नाही.

असो. तर सुतक.

"एक रविवार निघंना व्हय तुला?" आई म्हणाली. "बोळातली ती पोरं फाल्गुनभर अनवानी फिरत्यात, ग्वाड खात न्हाईत. आन् तू चप्पल चढवून मटणाला निघालाईस."

खरं होतं. फाल्गुन लागला होता. महाराजांची तिथी फाल्गुन अमावास्या. ती पोरं रोज माझ्यासमोरनं अनवाणी कॉलेजला जातात. मी चप्पल काढली. पण माझी बाजू कुणी ऐकूनच घेतली नाही, म्हणून इथं मांडतो. आधीच्या हिवाळ्यात मटणाच्या दरावरनं कोल्हापुरात जे रण पेटलं होतं, ते आठवत असेल. मोर्चे, बैठका, दुकानं बंद. या गावानं मटणासाठी सत्याग्रह केला, तोही मटण न खाऊन. त्यात माझे कित्येक रविवार दोडक्याच्या भाजीवर गेले होते. आता कुठं घडी बसत होती.

"अंडं चालतंय काय?" पोरानं विचारलं.

"त्यो बी जीवच."

बायको काही बोलली नाही. कांदा-खोबरं भाजायचं, तांबड्याचा वेगळा मसाला आणि पांढऱ्याचा वेगळा, एवढं तिचं वाचलं होतं. अशा वेळी ती सासूशी एकनिष्ठ असते.

मी कट्ट्यावर जाऊन बसलो. तिथं माझ्यासारखे रिकाम्या पिशव्यांचे आणखी तिघं निघाले. चौथा आला तो भरल्या पिशवीनं, पण ती त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून वर मेथीची जुडी ठेवली होती. मेथीतनं नळी दिसत होती. कुणी काही म्हणालं नाही, नुसतं बघितलं. तो गेला.

कट्ट्यावर विषय दुसरा होता, फितुरी. महाराजांची खबर नेमकी कुणी दिली यावर अभ्यासकांचं आजवर एकमत नाही. कट्ट्याचं मात्र पहिल्या चहालाच झालं. फितूर कोकणातलाच असणार, कारण कट्ट्यावर कोकणातलं कुणी नव्हतं. तेवढ्यात पानपट्टीवाला आला, त्याचं गाव देवरुखाजवळ. मग फितूर घाटावरचा निघाला. थोड्या वेळानं तो कोल्हापूर जिल्ह्याबाहेर, बरीच लांब, मराठवाड्याच्या हद्दीत सोडून सगळे पुढच्या मुद्द्याला आले.

पुढचा मुद्दा आमचा जुना आहे. कोल्हापूर यायची वेळ झाली की गोष्ट संपते. तालमीतले आण्णा तावातावानं सांगत होते, "तिथनं फुडं तर खरी लढाई! अठरा वर्षं बादशहाला दक्खनमधनं हलू दिलं न्हाई. १७०७ ला हितंच गेला त्यो. संताजीनं त्याच्या डेऱ्याचं सोन्याचं कळस कापून आणलं, आन् राजाराम महाराजांच्या मागं सात वर्षं ताराराणीसाहेबांनी एकटीनं झुंजवला त्याला. कावळा नाक्यावर घोड्यावर बसल्यात त्या काय उगंच? त्यांचं कोण दावणार?" (ताराराणींवरची मालिका आली ती २०२१ च्या नोव्हेंबरात. तोवर आण्णांनी हे भाषण कुणालाही, कुठंही दिलं. एकदा माझ्या काउंटरवर ठेव मोडायला आले होते तेव्हासुद्धा.)

घरी आलो तर आई नवीन लुगडं नेसून दारात उभी. "गाडी काढ. पन्हाळ्याला जाऊया."

गाडी म्हणजे मेव्हण्याची. तो नाही म्हणाला नाही, कारण त्याच्याही घरी मटण नव्हतं. वाघबीळला वळलो तर पुढं गाड्यांची रांग. सगळं कोल्हापूर गडावर निघालं होतं. रविवारी पन्हाळ्याला गर्दी असतेच, पण ही वेगळी दिसत होती. तीन दरवाज्यापाशी सेल्फी नाहीत, अंधारबावडीत पोरांच्या आरोळ्या नाहीत. लोक सुतकाला भेटायला आल्यासारखे दबकत चालत होते. सगळ्यांचे पाय सज्जा कोठीकडं.

शंभूराजांना थोरल्या महाराजांनी ठेवलं होतं ती ही वास्तू, असं सांगतात. आई एकेक पायरी धरत वर गेली आणि सज्जात जाऊन खालच्या खोऱ्याकडं बघत उभी राहिली. बराच वेळ. मागं लोक खोळंबले होते, कुणी घाई केली नाही. एक पोरगा गाईड असल्यासारखा माहिती सांगत होता. तिनं त्याची दोन सालं दुरुस्त केली. ती माझ्याच तोंडून ऐकलेली, त्यामुळं मी जरा धास्तावलो.

"हितनं सुटलं हुतं त्ये," ती मला म्हणाली. "हितनं रायगडाला गेलं आन् राजं झालं."

"हो."

"मग संगमेश्वराला कशाला थांबायचं हुतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सेकंड क्लासच तो. गडावर झुणका-भाकरी खाल्ली. ती चांगली होती, पण पातेल्यात चमचा घालून नळी शोधायची सवय जात नाही.

सोमवार, मंगळवार तसेच गेले. बुधवारी सकाळी मी पिशवीकडं नुसतं बघितलं. आई देवापुढनं उठली, म्हणाली, "आण. आत्तींसाठी बी एक डबा लागंल." मी धावतच गेलो. अर्धा किलो जास्त घेतलं. दुपारी घरभर खोबरं भाजल्याचा वास, तांबडा उकळतोय, पांढऱ्याला बायको खसखस वाटतेय, आणि मी पानावर बसून आईला हाक मारली.

ती येईना. आतल्या खोलीतनं ओळखीचं संगीत आलं. मालिकेच्या सुरुवातीचं.

जाऊन बघितलं. नातवाच्या खांद्याला खांदा लावून ती मोबाईलवर अगदी पहिला भाग लावून बसली होती. पडद्यावर राजे ल्हान होते, अंगणात पळत होते.

"आई, ताट वाढलंय. हे तर बघितलंयस की सगळं."

"तुमी जेवून घ्या," ती मान वर न करता म्हणाली. "लई येळ हाय अजून. आत्ता कुठं चालाय लागल्यात."