गादी गेली, तरी यादी चालूच

राजवंशावळ म्हणजे गादीवरच्या हक्काचा पुरावा, असं एका लेखात वाचलं; ते विधान मला अपुरं वाटलं. बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडून पाहा. यहूदाचा राजा यखन्या कैदी होऊन बाबेलला (बॅबिलोनला) गेला, इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, तरी त्याचा पूर्वज दावीद राजा याच्या घराण्याची यादी थांबत नाही. यखन्याचा नातू जरुब्बाबेल, त्याच्याही पुढच्या पिढ्या त्यात आहेत, आणि त्यातला एकही राजा झाला नाही! मग हक्क कसला? ही तर सगळं गमावलेल्यांनी धरून ठेवलेली आशा आहे.

बायबलमधल्याच रूथच्या पुस्तकाच्या शेवटी पेरेसपासून दाविदापर्यंत दहा नावं येतात, सगळी पुरुषांची. माझी आजी एकेका नावावर बोट ठेवून ती मोठ्याने वाचायची. ओबेदपाशी बोट थांबायचं. रूथ ही त्याची आई, मवाब या परक्या देशातली; तिचं नाव यादीत नाही. "हा आपल्या मवाबी रूथचा," म्हणायची, मगच पुढे जायची.