‘निबंध लिहा आणि सुटा’ या संदेशाचा प्रतिवाद

मराठवाड्यात कुठे चाकूहल्ल्याची किंवा दुचाकी चोरीची बातमी आली आणि त्यात एखादा आरोपी अल्पवयीन निघाला, की गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक ठरलेला संदेश पुन्हा फिरू लागतो. अठरा वर्षांच्या आतील मुलाने खून केला तरी निबंध लिहून त्याची सुटका होते. रिमांड होम म्हणजे सरकारी पाहुणचार. शाळेच्या दाखल्यावर वय कमी दाखवून पोरे निसटतात. या सवलतींमुळेच अल्पवयीनांचे गुन्हे भरमसाट वाढले असून टोळ्या मुलांना हाताशी धरतात. म्हणून सोळा वर्षांवरील प्रत्येकाला सरळ तुरुंगात टाकावे, असा त्याचा आशय आहे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षक आहेत, माजी सरपंच आहेत आणि, खेदाने सांगावे लागते, माझे काही वकील मित्रही आहेत.

निबंधाचा उल्लेख पुण्याच्या प्रकरणातून आला आहे. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. ती अट गुन्ह्याच्या गांभीर्याला शोभणारी नव्हती, आणि लोकांचा संताप मला समजतो. परंतु ती जामिनाची अट होती, निकाल नव्हे. जामीन मिळाल्याने प्रकरण संपत नाही, हे प्रौढांच्या खटल्यांबाबत आपल्याला पुरते ठाऊक असते. मुलाच्या बाबतीत मात्र आपण जामिनालाच निर्दोष सुटका समजून मोकळे होतो. शिवाय त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ज्यांना अटक झाली ते मुलाचे आईवडील आणि डॉक्टर, म्हणजे सगळी मोठी माणसे होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९९अ या कलमानुसार अल्पवयीनाच्या हाती वाहन गेल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे चौदा वर्षांचा मुलगा बुलेटवर शाळेत जातो आणि घरचे ते कौतुकाने सांगतात, तेव्हा हे कलम कोणाला आठवत नाही.

‘खून केला तरी काही होत नाही’ हे विधान तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानंतर सरळ चुकीचे ठरते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर झालेला आणि जानेवारी २०१६ पासून लागू असलेला हा कायदा गुन्ह्यांचे किरकोळ, गंभीर आणि निर्घृण असे तीन वर्ग करतो. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, उदाहरणार्थ खून किंवा बलात्कार, तो निर्घृण वर्गात मोडतो. असा गुन्हा सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाकडून घडल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करून मंडळ त्याला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तेथे दोषी ठरल्यास तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी राहतो आणि सुधारणा दिसली नाही तर उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात जातो. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप एवढ्याच दोन शिक्षा त्याला देता येत नाहीत. सदोष मनुष्यवधाला, म्हणजे खून न ठरणाऱ्या मनुष्यवधाला, कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही आणि किमान शिक्षा नसलेला गुन्हा निर्घृण वर्गात धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. ही मर्यादा योग्य की अयोग्य यावर वाद घालावा. मात्र मर्यादाच नाही, असे म्हणता येणार नाही.

आता पाहुणचाराविषयी. कायदा सांगतो, की मुलाला पोलीस कोठडीत ठेवू नये, चोवीस तासांच्या आत मंडळासमोर हजर करावे आणि जामीनदार असो वा नसो, सोडावे. सोडल्याने तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्यालाच धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, एवढ्याच कारणांनी जामीन नाकारता येतो. बीड किंवा धाराशिवच्या ऊसतोड कामगाराच्या घरी हे कसे उतरते ते पाहावे. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगलीकडे किंवा कर्नाटकात गेलेले असते, मुलगा आजीजवळ किंवा एकटाच मागे राहिलेला असतो. मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला अहवाल देणारे परिविक्षा अधिकारी गृहभेटीस जातात तेव्हा दाराला कुलूप असते. मुलाला ताब्यात घेणारे कोणी नाही, म्हणून जो जामीन शहरातील मुलाला संध्याकाळपर्यंत मिळतो, त्यासाठी हा मुलगा बापाला फड सोडून यायला जमेपर्यंत निरीक्षणगृहात, म्हणजे लोकांच्या भाषेतील रिमांड होममध्ये, थांबतो. याला पाहुणचार म्हणणाऱ्याने एकदा भेटीच्या दिवशी त्या फाटकाबाहेर उभे राहून पाहावे.

वयाच्या दाखल्याबाबत संदेशात अर्धे सत्यही नाही. वय ठरवण्यासाठी आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्याने ठरवून दिला आहे. आपल्याकडे अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून का असतो, हे कोणत्याही जुन्या मुख्याध्यापकांना विचारावे. पोराला पहिलीत बसवायचे म्हणून गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या त्या तारखेने कित्येक मुले कागदावर लहान नव्हे, खऱ्या वयाहून मोठी झाली आहेत.

गुन्हे भरमसाट वाढल्याचा दावा आकड्यांवर टिकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार देशात अल्पवयीनांविरुद्ध २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. २०२२ मधील एकूण गुन्हे ५८ लाखांवर होते, म्हणजे अल्पवयीनांचा वाटा सुमारे अर्धा टक्का. २०२३ मध्ये थोडी वाढ झाली, हेही खरे. त्या वर्षांत महाराष्ट्राचा आकडा देशात सर्वांत वरच्यांपैकी आहे ही चिंतेची बाब आहे, आणि ती मी लपवणार नाही.

सर्वांना तुरुंगात टाकण्याच्या उपायाबद्दल थोडक्यात. अमेरिकेने तो दीर्घकाळ करून पाहिला, आणि तेथील तज्ज्ञगटाने २००७ साली उपलब्ध अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला, की प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेली मुले पुढे हिंसक गुन्हे कमी नव्हे, अधिक करतात.

टोळ्या मुलांना वापरतात, हा संदेशातील एकमेव मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्यावरचा उपाय कायद्यात आधीपासून आहे, आणि तो मुलाविरुद्ध नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार मुलाला गुन्ह्यासाठी कामावर लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षे कैद होते, आणि गुन्हा घडला तर तो त्यानेच केला असे धरून त्याची शिक्षाही होते. बाल न्याय अधिनियमाचे कलम ८३ सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगते. विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्री पंधरा वर्षांचा मुलगा कापतो. पण त्यातले तांबे कोणत्या भंगाराच्या दुकानात जाणार, हे त्याने ठरवलेले नसते. एकट्या मुलाचे नाव आले तर अशी चोरी स्टेशन डायरीतील नोंदीवर भागते. सोबत मोठ्या माणसाचे नाव आले, की प्रथम माहिती अहवाल, तपास, जप्ती आणि आरोपपत्र असे सगळे पाठोपाठ येते. कोणत्या वाटेने काम लवकर उरकते, हे सांगायला नको. पोलिसांनी भरायच्या सामाजिक पार्श्वभूमी अहवालाच्या छापील नमुन्यात या मुलाचा वापर टोळीने किंवा प्रौढांनी केला आहे काय, असा स्वतंत्र रकाना आहे. माझ्या हाती आलेल्या बहुतेक अहवालांत तेथे ‘नाही’ असे लिहिलेले होते, आणि एकाही अहवालात ते उत्तर कोणाला विचारून लिहिले, याचा उल्लेख नव्हता.