भरती ओसरेपर्यंत

परवा रात्री पणजीच्या मळा भागात पावसाचे पाणी कसे तुंबले ते सर्वांनी पाहिलेच होते, त्यामुळे मारुतीच्या पायऱ्यांजवळच्या आमच्या कट्ट्यावर भाईंनी थेट निकालच देऊन टाकला. "गटार रुंद करा, खोल करा, वर काँक्रीट घाला. विषय संपला." भाईंचे आयुष्य कंत्राटदारीत गेले असून कोणत्याही दुखण्यावर त्यांच्याकडे काँक्रीट हेच औषध असते, बोलता बोलता चहात बुडवलेल्या बोटाने ते बाकावर गटाराचा नकाशाही काढू लागले.

मास्तरांनी त्यांना पूर्ण बोलू दिले. "भाई, ओरेंच्या खाडीला भरती असताना तुमचे हे रुंद गटार पाणी नेऊन टाकणार कुठे?"

भाईंचे बोट बाकावरच थांबले.

माझ्या मते सारा वाद या एका प्रश्नात आहे. आल्तिनच्या टेकडीवरचे पाणी उतरून मळ्यात येते, आणि मोठी सर व भरती एकाच वेळी आली की खाडीच चढलेली असल्यामुळे गटार कितीही मोठे असले तरी ते तुंबते. म्हणून ओहोटी लागेपर्यंतचे काही तास जमेल तितके पाणी वरच, जिथे पडले तिथेच, धरून ठेवले पाहिजे, असे मास्तरांचे म्हणणे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तरी अडीच हजार लिटर पाणी होते. दहा घरांनी ते अडवले तर पंचवीस हजार लिटर पाणी खाली यायला उशीर होतो.

ताईंनी शाळेच्या आवारात मुलांकडून करून घेतलेला पाझरवाफा मी पाहिला आहे. गुडघाभर खड्डा, तळाशी चिऱ्यांची खडी, वर वाळूमिश्रित माती, कडेने वाळा आणि मध्ये अळू. छपराची पन्हळ त्यातच सोडलेली.

"डास होतील," भाई म्हणाले.

"डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, आणि वाफ्यातले पाणी दुसऱ्या दिवशी शिल्लक नसते. तुमच्या गच्चीवरच्या टायरांचे मात्र मला सांगता येणार नाही," ताई म्हणाल्या. "आणि अंगणभर पेव्हर घातल्यापासून तुमचे पाणी माझ्या स्वयंपाकघरात येते, हेही मी विसरलेले नाही."

मास्तरांनी फिलाडेल्फियाचा दाखला दिला. त्या शहराने २०११ साली २५ वर्षांचा आराखडा हाती घेतला, आणि काँक्रीट-डांबरावर पडणारा पहिला इंचभर पाऊस जमिनीत मुरवायचा किंवा अडवायचा, असा त्याचा हिशेब आहे. भाई उसळून म्हणाले, "आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो! इंचाने काय होणार? आणि तुमच्या वाफ्यात लोक कचरा टाकतील."

पहिल्या आक्षेपात तथ्य होते आणि मास्तरांनी ते मान्य केले; जादा पाणी गटारातच जाईल, गटारे बुजवा असे कोणीच म्हणत नाही, पण रस्त्यावरचे तेल आणि घाण पहिल्या सरींतच वाहून येते, म्हणून तो पहिला इंच अडवणे मोलाचे. दुसऱ्या आक्षेपावर ते जास्त बोलले. "खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानसाची, म्हणजे पाण्याच्या दाराची, झडप भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, पण बांधाला खेकड्याने भोक पाडले ते पाहायला माणूसच लागतो. गावकारी, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची पद्धत, चालत होती तोवर ते काम कोणाचे, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असायचे. वाफ्याचेही तसेच आहे. तो खणायला एक दिवस पुरतो, पण तो कशासाठी आहे हे वाड्यावरच्या लोकांना शिकवायला वर्षे द्यावी लागतात, आणि त्यासाठी कोणी पैसे ठेवत नाही." शाळेतली मुले बाटली कापून केलेल्या मापाने रोज पाऊस मोजतात आणि जाळीवरचा पाला स्वतः काढतात, मला त्या वाफ्यापेक्षा ही सवय मोलाची वाटते.

तेवढ्यात सर कोसळली. कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीवर माडाची झावळी आणि कागदी बश्या अडकून पाणी भराभर चढू लागले, तेव्हा सर्वांत आधी भाईच धावले आणि छत्री बगलेत मारून दोन्ही हातांनी झावळी ओढू लागले.

"भाई, आधी काँक्रीट मागवू का?" ताईंनी पायरीवरून विचारले.

भाई इतके हसले की झावळी हातातून सुटून पुन्हा जाळीवर पडली, आणि ती काढायला मग आम्ही सगळेच खाली उतरलो.