काचेआडचं संगीत

संगीताची प्रदर्शनं आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'प्रदर्शन म्हणजे काचेत ठेवलेलं मेलेलं संगीत' हे काही पटलं नाही. मीसुद्धा आधी असंच म्हणायचो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं प्रदर्शन पाहिलं आणि गप्प झालो. कानाला हेडफोन, आपण ज्या वस्तूपुढे जाऊ तिथला आवाज आपोआप सुरू. मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो ते 'अझिमुथ को-ऑर्डिनेटर'पुढे. दिसायला साधी पेटी, वर दोन दांडे. बँडचा कीबोर्डवादक रिक राइट ते दांडे फिरवून सभागृहभर आवाज खेळवायचा. पहिली पेटी १९६७ च्या कार्यक्रमानंतर चोरीला गेली, ही नंतर बनवलेली. (चोराने तिचं पुढे काय केलं असेल?)

प्रत्यक्ष कार्यक्रमाची सर कशालाच नाही, हे मात्र शंभर टक्के मान्य. याच बँडमध्ये पूर्वी असलेल्या रॉजर वॉटर्सचा 'द वॉल' हा कार्यक्रम मी मागच्या रांगेतून पाहिला. पहिल्या अर्ध्या भागात रंगमंचावर एकेक वीट चढत जाते आणि शेवटी बँडच दिसेनासा होतो. पैसे मोजून भिंत बघायला आलोय, असं शेजारचा पुटपुटला. पण त्या आंधळेपणातच खरी गंमत होती. ऐकण्यावाचून दुसरा इलाजच नव्हता!

एक सांगायचं राहिलं. लेखात कार्यक्रमातल्या मोठ्या आवाजापासून कान वाचवणाऱ्या इअरप्लगचा उल्लेख हवा होता. तरुणपणी ते लावायची लाज वाटली, आता डाव्या कानात कायमची शिट्टी वाजते.