केक आणि नव्वदावं स्तोत्र

बायबलमध्ये वाढदिवस म्हणून नाव घेऊन सांगितलेल्या मेजवान्या दोनच, आणि दोन्हींत माणूस जिवानिशी गेला. फारोने आपल्या वाढदिवशी सगळ्या चाकरांना जेवायला घातलं आणि त्याच दिवशी मुख्य आचाऱ्याला फासावर चढवलं. स्वयंपाक कसा झाला होता ते उत्पत्तीच्या पुस्तकात दिलेलं नाही. हेरोदाच्या वाढदिवसाला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात घालून आणलं. ईयोब आणि यिर्मया पार्टीच्या भानगडीत पडलेच नाहीत, त्यांनी सरळ आपल्या जन्मदिवसालाच शाप दिला. हे सगळं वाचून तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने लिहून ठेवलं, की वाढदिवस साजरा करतात ते पापी लोक. ओरिजेन अलेक्झांड्रियाचा. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरातला वाढदिवस त्याने पाहिला असता, तर त्याची हरकत उरली नसती. आमच्याकडे साजरं असं काही होत नाही. उपकारस्तुती होते.

उपकारस्तुती म्हणजे घरी प्रार्थना. गीत, शास्त्रवाचन, साक्षी, संदेश, मग ज्याला इच्छा होईल त्याची प्रार्थना (इच्छा सगळ्यांनाच होते), शेवटी आशीर्वाद. केक असतो. टेबलावर, डोळ्यांसमोर, अगदी सुरुवातीपासून. त्यात माझा वाढदिवस मे महिन्यात. 'शब-ए-मालवा'च्या, म्हणजे माळव्यातल्या रात्रीच्या, गारव्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर अख्खी मंडळी दाटीवाटीने बसवावी आणि मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखा बंद करून बघावा.

यंदा पन्नास पूर्ण झाली. भाच्याने उत्साहाच्या भरात पाच आणि शून्याच्या मेणबत्त्या पहिल्या गीतालाच पेटवल्या. मी विझवायला वाकलो तर आत्या म्हणाली, "पेटलेली विझवू नये रे, अपशकुन होतो." मग चार डोकी वळलेली बघून, "म्हणजे आपण तसलं मानत नाही. पण नको."

संदेशाला नव्वदावं स्तोत्र. ते मोशेचं, आणि त्यात माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी, असा हिशेब दिलेला आहे. पाळकसाहेबांनी तो पुढे नेला. "म्हणजे आपल्या बंधूंकडे आता वीस वर्षं. शक्ती असली तर तीस." सगळे "आमेन" म्हणाले. त्यात हिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

पन्नासावं म्हटल्यावर योबेल वर्ष येणारच. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकायचं, दास मोकळे करायचे, विकलेली जमीन मूळ मालकाकडे परत. माझे साडू पहिल्यांदाच ताठ बसले. "मग साहेब, उसने घेतलेले पैसे?" त्यांच्या स्कूटरचे पैसे मी दिलेले आहेत, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाळकसाहेबांनी शांतपणे खुलासा केला, की कर्जमाफी योबेल वर्षाची नव्हे; ती बायबलातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे, दर सात वर्षांनी. साडू म्हणाले, "हे तर आणखीच जवळ आलं."

मागे ऑफिसातले एक भिया (इंदुरात भैयाचा भिया होतो) पहिल्यांदाच आले होते. ते माझ्या कानाशी लागले, "भिया, केक कब कटेगा?" मी वर बोट दाखवलं.

केकची अवस्था आता बघवत नव्हती. पाचाच्या मेणबत्तीचं पोट गळून क्रीममध्ये उतरलं होतं. शून्य तिच्या खांद्यावर मान टाकून होतं. कडेचा गुलाब घसरत घसरत पुठ्ठ्यापर्यंत पोचला होता, आणि त्याच्या शेजारी लहान बोटाच्या तीन रेघा उमटल्या होत्या. डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्यांत एक जण एक डोळा उघडा ठेवून होता, हे उघड आहे.

मग आत्याची साक्ष. ती दरवर्षी तीच असते आणि दरवर्षी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मी पायाळू. डॉक्टरीणबाई घामाघूम, बाहेर लू, आजी व्हरांड्यात गुडघ्यांवर. वाचलो ही प्रभूची कृपा. इथपर्यंत ठीक. पण आत्या तिथे थांबत नाही. "पायाळू माणसाची लाथ कमरेला लागली की उसण जाते म्हणतात. आपण मानत नाही. पण शेजारच्या काकूंना गुण येतो खरा."

शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. एक हात कमरेवर.

एवढं मात्र खरं, की आमच्या घरात खरी जन्मतारीख असलेला पहिला माणूस मीच. कॅनेडियन मिशन इंदुरात आलं १८७७ साली, दहा वर्षांनी त्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं, आणि पुढे केव्हातरी मिशनच्या शाळेत मास्तरकी करायला आजोबा नगर जिल्ह्यातून इकडे आले. आजी-आजोबा दोघांची तारीख १ जून, कारण तिकडे शाळेत नाव घालताना हेडमास्तर तीच लिहीत. वडील आणि आत्या इकडचे. इकडच्या हेडमास्तरांची आवडती तारीख १ जुलै. चर्चमध्ये वाढदिवसाच्या अर्पणाची पाकिटं घेऊन जूनच्या पहिल्या रविवारी नगरवाल्यांची रांग लागे आणि जुलैच्या पहिल्या रविवारी इंदूरवाल्यांची. आजीला या खोट्या तारखेची जरा खंत वाटे. मी तिला एकदा सांगितलं, प्रभू येशूची जन्मतारीखही शुभवर्तमानांत कुठे दिलेली नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, तीही ३३६ सालच्या सुमाराची. आजीने विचार केला आणि म्हणाली, "त्यांचीही हेडमास्तरांनीच लिहिली असेल."

शेवटची प्रार्थना आईची. आईच्या प्रार्थनेत देवाला सगळा तपशील दिला जातो, त्याच्या लक्षात राहिलं नसेल म्हणून. पाचवीतला टायफॉइड. खान नदीत उतरलो होतो ती दुपार. दुकान बंद पडलं ते वर्ष, आणि त्या वर्षी गुपचूप किराणा भरून देणारा सिंधी शेजारी, त्याच्या मुलाबाळांसकट. "सूनही बरी दिलीस, प्रभू." यातलं किराण्याचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दिवस गणायला शिकव असं ते स्तोत्र म्हणतं, इथे माझ्या दिवसांची वही दुसऱ्याच कुणीतरी भरून ठेवली होती. मी जरा वेळ डोळे उघडलेच नाहीत. भाच्याला वाटलं मी झोपलो, त्याने कोपर मारलं.

केक कापला, म्हणजे चमच्याने वाढला. प्लेटमध्ये समोसा, केक आणि शेव; इंदुरात शेव कशावर पडेल याला धरबंध नाही, ती क्रीमवरही पडली आणि बरी लागली. काकू येऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "आधी हात धुऊन ये रे, साडीला क्रीम लागेल."

"काकू, लाथ पायाने मारतात."

पाळकसाहेब समोसा हातात धरून बघत होते. संदेश त्यांनी सगळा उभ्यानेच दिला होता. म्हणाले, "शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. असला उपाय त्याने कुठे लिहिलेला नाही." मी काकूंना हलकेच पाय लावला, त्या "हाश्श" म्हणाल्या. पाळकसाहेबांनी समोसा संपवला, बोटं पुसली आणि मला बाजूला घेतलं.

"डावीकडे लावला तर चालतो का?"