ट्रकची बडदास्त

डेन्व्हरमधल्या आमच्या गल्लीत हल्ली गाड्या इतक्या मुकाट निघतात, की कोण कधी कामावर गेलं ते कळतही नाही. अपवाद आमचा. माझा 2001 सालचा डिझेल पिकअप सुरू झाला, की समोरचा कुत्रा, शेजारचं बाळ आणि वसाहतीच्या कमिटीतल्या एक बाई, तिघंही एकदमच उठतात.

ट्रक ठेवलाय तो ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं वन-बीएचके, सामानासकट साडेतीन टनांचं. ते उन्हाळ्यात थोडंफार फिरतं. उरलेलं वर्ष ट्रक जागेवर उभा राहून खर्च करतो. बॅटऱ्या त्याला दोन लागतात. बायकोच्या गाडीला पाच लिटर ऑइल पुरतं, हा चौदा लिटर रिचवतो.

“मग नवा घे की!” यावर माझं उत्तर पाठ आहे. नव्याला सत्तर हजार डॉलर कुठून आणू? शिवाय 2007 पासून डिझेल ट्रकना काजळी धरणारा फिल्टर आला आणि 2010 च्या नियमांनंतर धूर साफ करायला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी. युरिया उसाला घालतात एवढंच आमच्या घराण्याला माहीत. त्यात एखादा सेन्सर रुसला, की नवा ट्रक आपल्या मनाने वेग कमी करतो. माझा रुसला तर सरळ बंद पडतो. इतका पारदर्शक कारभार हल्ली कुठे मिळतो? (धुराच्या बाबतीत नवेच बरे. वाद घालताना मी तो मुद्दा काढत नाही.)

खरी परीक्षा डोंगरात, आय-70 महामार्गावर, आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाला. बोगदा 11,158 फुटांवर. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद, खिडक्या उघड्या, टर्बोची शिट्टी चालू आणि घरच्यांचं बोलणं बंद. सगळ्यांचे डोळे तापमानाच्या काट्यावर. मालवाहू ट्रकसुद्धा आम्हाला ओलांडून जातात. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत 7 टक्क्यांचा उतार. इतका वेळ ओढून आणलेला ट्रेलर आता मागून लोटायला लागतो. मी गिअर खाली घेतो आणि ट्रेलरच्या ब्रेकच्या खटक्यावर बोट ठेवून बसतो. पुण्याहून आलेल्या आईने बाजूला वर चढत गेलेला खडीचा रस्ता पाहून विचारलं, “हा कुठे जातो रे?”

“कुठेच नाही. ब्रेक गेले तर त्यात घुसायचं.”

तिने पर्समधून जपमाळ काढली.

मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडवर पोचलो तर ऑक्टोबरातच पारा शून्याखाली. अशा थंडीत जुनं डिझेल इंजिन सकाळी उठत नाही. रात्रभर त्याचा ब्लॉक हीटर लावावा लागतो. आमच्या जागेवर विजेचा 20 अँपियरचा एकच सॉकेट होता. इंजिनाचा हीटर हजार वॅटचा, ट्रेलरमधला दीड हजारचा. दोन्ही लावले, की ब्रेकर खाली. मी ट्रेलरमधल्या हीटरची वायर काढली आणि आईच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकली.

“मला गोधडी आणि त्याला हीटर?”

“आई, त्याला सकाळी चढ चढायचाय.”

“मलाही चढायचाय. गोठेल म्हणून ट्रेलरचं पाणी तूच बंद केलंस, आणि यांचं बाथरूम त्या टेकडीवर आहे.”